‘बिन’ म्हटलं की पाय

माझी दोन बोटं गेली त्या दिवशी मी एकही शब्द चुकले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कागदावर नेमकं उलटं लिहिलं गेलं.

आमचा कारखाना झाकणांचा. पत्र्याच्या डब्यांना जी गोल झाकणं लागतात ती. लांबलचक शेडमध्ये बारा प्रेस. अकरा लहान, एकेका माणसाच्या. बारावी मोठी, तिला सगळे म्हातारी म्हणायचे. म्हातारीला दोन माणसं लागत. एक पुढे उभी राहून दोन्ही हातांनी पत्रा आत सरकवणार, दुसरी मागे उभी राहून पायडल दाबणार. पायडल दाबलं की वरचा पंच खाली कोसळायचा आणि पत्र्यातून झाकण उमटायचं. तो घाव असा की पायाखालची जमीन पोटापर्यंत हलायची. पुढे मी, मागे ताई, आणि आमच्या मधोमध कपाटाएवढी लोखंडी चौकट. मला तिचा पाय दिसत नसे, तिला माझे हात दिसत नसत.

आमच्या आधी म्हातारीवर काम करणाऱ्या जोड्या ‘हां’ म्हणायच्या. पण शेडमध्ये दिवसभर कोणी ना कोणी कशाला ना कशाला हां म्हणतच असतं. अशाच कुणाच्या तरी हां-वर एका बाईचा अंगठा गेला. आम्हा बहिणींना म्हातारीवर लावलं तेव्हा ताई म्हणाली, हां नको. बाबांची ओळ घेऊ.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. इंग्रजी त्यांना बेताचंच येई, पण सुताराला लाकूड कळतं तशी त्यांना इंग्रजी अक्षरं कळायची. कुठलं अक्षर उचललं की शब्द पडतो, कुठलं सरकवलं की उलटा होतो, हे ते ब्रशच्या टोकाने दाखवायचे. एकदा त्यांनी ‘वर्ड्स’ लिहून शेपटीचं वळवळतं एस पुसलं आणि तेच तोंडाशी काढलं. म्हणाले, बघा पोरींनो, शब्दांची तलवार झाली. खाटकाच्या पाटीवर ‘स्लॉटर’ लिहिताना पहिलं अक्षर अंगठ्याने झाकून आम्हाला दाखवलं, तर मागे ‘लाफ्टर’ उरलं होतं. कत्तलीच्या पोटात हसू निघालं म्हणून आम्ही दोघी लोळून लोळून हसलो होतो. आणि ते जीभ वळवणाऱ्या ओळी रचायचे. अर्थ विचारला की म्हणत, अर्थ गिऱ्हाइकाला, आपल्याला आवाज. जी अडखळेल तिच्या नाकाला रंगाचं बोट. ताईचं नाक कायम रंगलेलं. माझं कधीच नाही. मी जन्मात अडखळले नाही. म्हणून तर जीभ माझ्याकडे आली आणि पाय ताईकडे.

ओळ अशी होती: थिन टिन, थिक टिन, ट्विन टिन्स इन अ टिन बिन.

म्हणून बघा. ‘थ’ला जीभ दातांशी न्यावी लागते, ‘ट’ला टाळूशी. मन जरा घराकडे गेलं की जीभ वाट चुकते. तेच आम्हाला हवं होतं. पत्रा ठेवला की मी ओळ सुरू करायची, म्हणता म्हणता हात बाहेर काढायचे, छातीशी घ्यायचे, आणि ओळ स्वच्छ संपली की ‘बिन’वर ताईचा पाय खाली. अडखळले तर पाय हलायचा नाही. अडखळले म्हणजे लक्ष नाही, आणि लक्ष नाही म्हणजे हात कुठे आहेत कोण जाणे. ताई डोळे मिटून ऐकायची. शेडमधलं बाकी सगळं, शिव्या, हाका, पत्र्यांची आदळआपट, तिने कानाबाहेर ठेवायला शिकून घेतलं होतं. कामाच्या तालावर ती स्वतःशी गुणगुणायची:

बोल तुझा, पाय माझा,
हात तुझा, जीव माझा.

अकरा वर्षं. दिवसाला आठ-नऊशे झाकणं. मोजून बघा किती वेळा ‘बिन’ म्हटलं असेल. एक नख दुखावलं नाही.

मग शिट्टीवाला आला.

नवा सुपरवायझर. गळ्यात शिट्टी, हातात मशीनच्या तुटलेल्या पट्ट्याचा वीतभर रुंद तुकडा. चामडं, आत दोरा. तो पाठीवर बसला की आवाज आधी यायचा आणि आग नंतर. मशीनना तेल घालणाऱ्या माणसाला त्याने पहिल्याच आठवड्यात असा झोडला की तो दोन दिवस उभ्याने जेवला. मालकाकडे जायची कुणाची टाप नव्हती, कारण मालकानेच त्याला पट्ट्यासकट ठेवून घेतलं होतं.

आमची ओळ त्याला खुपायची. बालवाडी भरवलीय का, म्हणायचा. एकदा सगळ्यांसमोर त्याने स्वतः म्हणून दाखवायला घेतली. म्हणाला, यात काय मोठंसं. आणि दुसऱ्याच टिनला घसरला. पुन्हा म्हणायला गेला, पुन्हा घसरला. तोंडातून थुंकी उडाली. कुणीतरी मागून म्हणालं, साहेबांच्या नाकाला रंग लावा. शेड हसली. ताईही हसली.

त्याने हसणाऱ्या सगळ्यांना सोडलं आणि ताईच्या तोंडावर पट्टा मारला. आडवा, डोळ्याखाली. गालाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी उलगडली. मी पुढे झाले तर मला कोपराने लोटलं. ताईने रक्त पदराने दाबलं आणि पायडलवर परत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ओळ बंद. बारा प्रेसना एक शिट्टी. एक वाजली की पत्रा ठेवा, दोन वाजल्या की पाय मारा. लहान प्रेसवाल्यांचं निभावलं, त्यांचे हातही स्वतःचे आणि पायही स्वतःचे. आमचं काय? मी ओठांतल्या ओठांत ओळ म्हणत राहिले, पण ती ताईपर्यंत कशी पोचणार.

तिसऱ्या दिवशी घाई होती. त्याने एक शिट्टी वाजवली आणि लगेच दोन. माझे हात आत होते. मी मनात ‘थिक टिन’पर्यंत आले होते. ताईने पाय टाकला नाही. तिच्या मनात ओळ संपली नव्हती. तो तिच्या शेजारीच उभा होता. मानेवर पट्टा बसल्याचा आवाज मी चौकटीपलीकडून ऐकला. मग पुन्हा दोन शिट्ट्या, पुन्हा पट्टा. ताईचा पाय शिट्टीवर गेला नाही, पट्ट्यावर गेला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मला दुखलं नाही. आधी दिसलं. झाकण उमटलं होतं, नेहमीसारखं गोल, आणि त्यावर. जाऊ दे. ताई चौकटीला वळसा घालून आली तेव्हा मी तिला म्हणाले, ताई, मी अडखळले नाही गं. तिने पुढच्या कित्येक रात्री तेवढं एकच वाक्य ऐकलं असणार. ती झोपेत पाय झाडायची. मी तिच्या घोट्यावर माझा चांगला हात ठेवायचे, तर मांडीपर्यंत दचकायची.

कागदावर शिट्टीवाल्याने लिहिलं की कामाच्या वेळी मशीनवर जीभ वळवण्याचे खेळ चालत, त्यात लक्ष गेलं आणि अपघात झाला. मालकाने सही केली. मला घरी बसवलं, ताईला ठेवलं. म्हातारी दुसऱ्या कुणाच्या पायाने नीट चालत नव्हती.

तीन आठवड्यांनी मी माझा जुना एप्रन आणि डबा आणायला गेले. मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत, कुणी विचारपूस करू नये म्हणून. सगळे पलीकडच्या अंगणात जेवायला बसले होते. शेड रिकामी असायला हवी होती, पण आतून घरघर येत होती. म्हातारीचं चाक फिरत होतं. सुट्टीत ते कधी चालू ठेवत नाहीत.

आत गेले आणि दहा पावलांवर थांबले. मी बाजूने आले होते, म्हणून मला चौकटीच्या दोन्हीकडचं दिसत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पुढे शिट्टीवाला गुडघ्यांवर होता. डोकं फुटलं होतं, रक्त एका डोळ्यात उतरून वाळलं होतं. डावा हात खांद्यातून निखळल्यासारखा लोंबत होता. उजवा पंचाखाली. मनगट पॅकिंगच्या तारेने साच्याच्या बोल्टला आवळलेलं, तार मांसात रुतलेली. शेजारी मोठा पाना पडला होता आणि त्याला केस चिकटले होते. आत झाकण अडकलंय म्हणून तो वाकला होता आणि ताईने मागून पाना घातला होता, हे मला नंतर कळलं. एकदा डोक्यावर, एकदा खांद्यावर. माझी ताई. जिने घरातलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडलं.

मागे ती पायडलपाशी उभी होती. डोळे मिटून.

तिने त्याला काय सांगितलं होतं ते त्याच्याच तोंडून कळत होतं, कारण तो मधे मधे गयावया करत तेच परत म्हणत होता. ओळ एकदा, फक्त एकदा, स्वच्छ म्हणायची. म्हटली की तार सोडणार. नाही जमलं तर सुट्टी संपल्याची घंटा होईल तेव्हा ती पाय टाकणार. तिला त्याचा हात नको होता, मला माहीत आहे. तिला त्याच्या तोंडून ती ओळ हवी होती. ज्या ओळीने मला अकरा वर्षं धड ठेवलं, ती ओळ म्हणजे खेळ नव्हता, हे त्याच्या जिभेला कळायला हवं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं उरली होती.

तो म्हणत होता. थिन टिन, टिक टिन. पुन्हा. थिन थिन. पुन्हा. दात वाजत होते, नाकातून पाणी गळत होतं. एकदा जीभ चावली आणि तोंडातून लाल फेस आला. ताई बोलली ती एवढंच.

“नाकाला रंग लागला की रे. परत म्हण.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मी तिथे उभी राहून त्याच्या चुका मोजल्या. प्रत्येक चुकीसरशी माझी नसलेली दोन बोटं निवत होती. त्याला मी दिसले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून ओठ हलवले. मी बँडेजचा हात वर करून दाखवला आणि तशीच उभी राहिले.

पण भीती फार चांगली मास्तरीण असते असं मी त्या दिवशी पाहिलं. तो सुधारायला लागला. थिन टिन, थिक टिन सुटलं. मग ट्विन सुटलं. चेहरा मेणासारखा झाला होता, पण जीभ वाट ओळखायला लागली होती. तो आता घाई करत नव्हता. एकेक शब्द पाऊल टाकल्यासारखा टाकत होता. ‘इन अ’पर्यंत आला आणि शेवटच्या टिनला घसरला.

आणि माझं लक्ष ताईच्या पायाकडे गेलं.

चप्पल काढलेली होती. ती नेहमीच काढायची. तो ‘ट्विन’ म्हणाला तेव्हा तिची बोटं वर झाली होती. ‘इन अ’वर टाच उचलली गेली. तो घसरला तशी टाच परत जमिनीवर आली, अलगद, झोपल्यासारखी. ताईचे डोळे मिटलेले. चेहरा शांत, अगदी कामाच्या वेळचा. तिला पत्ताच नव्हता.

वचन ताईने दिलं होतं. पायाने कुठे दिलं होतं? पायाला एकच गोष्ट ठाऊक होती. ओळ स्वच्छ आली की ‘बिन’वर खाली. तो ज्या शब्दाने सुटणार म्हणून जिवाच्या आकांताने धडपडत होता, त्याच शब्दावर पंच कोसळणार होता. त्याला हे कळायला हवं होतं. इतके महिने समोर उभा राहून त्याने ओळ ऐकली होती. पण ती कशासाठी आहे हे त्याने कधी पाहिलंच नाही. कागदावर खेळ लिहिलं ते नुसतं खोटं नव्हतं, त्याला खरंच तो खेळ वाटायचा.

त्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं. थिन टिन.

बटण पलीकडच्या भिंतीला, आणि बंद केलं तरी चाक दोन मिनिटं फिरतंच, आणि ते फिरतंय तोवर पंच पडतोच. ताईला ढकलावं तर पाय पायडलवरच पडणार. हाक मारावी तर शेडमधली हाक तिच्या कानात शिरतच नाही, ते तर तिने माझ्यासाठीच शिकून घेतलं होतं.

थिक टिन.

गप्प राहायचं होतं. बस, तेवढंच. कुणी मला काही म्हटलं नसतं. त्याचा हात जाणार होता, आणि तो हात पट्ट्याचा होता, ताईच्या गालाचा होता, माझ्या बोटांचा होता. जाऊ दे की. मी खरंच तसं म्हणाले मनात. पण पाय माझ्या ताईचा होता. त्या पायाने आधीच एकदा न विचारता घेतलं होतं, आणि त्यानंतर तिला डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता पुन्हा, तेही वचन देऊन, तेही झोपेतल्यासारखं. मग उरली असती का ती?

ट्विन टिन्स. टाच उचलली गेली.

मी ओळ पकडली. कामाच्या आवाजात, पोटातून, अकरा वर्षं जशी म्हणत आले तशी, त्याच्या आवाजाच्या वर.

“इन अ थिन, थिन, थिन...”

अडखळले. जन्मात पहिल्यांदा. मुद्दाम अडखळणं किती अवघड असतं, तोंड तयारच होईना, जिभेला ओढून दाताशी आणावं लागलं. त्याने त्याच क्षणी ‘टिन बिन’ म्हटलं, स्वच्छ, बाबांनी शाबासकी दिली असती असं. पण ताईने ऐकला तो माझा आवाज. तिचा पाय पायडलच्या बोटभर वर थांबला.

तिने डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग स्वतःचा पाय पाहिला. तो कुठे आहे, कसा आहे, आणि शिट्टीवाला ‘बिन’ म्हणून गेलाय. सगळं एकदम तिच्या चेहऱ्यावर आलं. तिने पाय दोन्ही हातांनी धरून मागे घेतला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा, आणि खाली बसली.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. चाक मंद होत होत थांबलं. मग पक्कड घेतली आणि डाव्या हाताने तार तोडली. तेवढा वेळ तो ओळ म्हणतच होता. थांबताच येत नव्हतं त्याला. एकामागून एक, एकही चूक नाही.

हात सुटला आणि तो गप्प झाला. उठला. मला वाटलं दाराकडे जाईल. तो चौकटीला वळसा घालून गेला आणि बसलेल्या ताईच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. पोटात, तोंडावर. ताईने हात वर केला नाही. दात तुटल्याचा आवाज आला, पत्रा मोडल्यासारखा. मी शेजारचा झाकणांचा ट्रे उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला. ताज्या कापलेल्या पत्र्याची कड काय असते ते झाकणवाल्यांनाच ठाऊक. तो उजव्या हाताने चेहरा झाकून खाली कोसळला, बोटांमधून रक्त गळायला लागलं, आणि झाकणं शेडभर गोल गोल फिरत राहिली. एकेक करून पडली. तेवढ्यात घंटा झाली.

कोर्टात तो टाके पडलेल्या चेहऱ्याने उभा राहिला आणि सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, ओळ नेमकी काय होती. त्याला म्हणता आली नाही. घाम फुटला, थिन टिन, टिक टिन. वकील मदतीला गेले, तेही घसरले. कारकुनाला लिहून घ्यायचं होतं, त्याने पुटपुटून पाहिलं. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि मग सगळ्यांनाच हसू फुटलं, शिपायालासुद्धा. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. हसली नाही ती ताई. आणि शिट्टीवाला. त्या दोघांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनी मान खाली घातली.

शेवटी ओळ मीच म्हटली. स्वच्छ. ताईच्या पायाकडे बघत. तिच्या पायातली साखळी वाजली.

तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, मला फेकलेल्या ट्रेचे चार महिने. मी माझे भोगून आले. आता दर पंधरा दिवसांनी भेटीला जाते. मधे जाळी असते, चौकटीसारखीच, फक्त हिच्यातून माणूस दिसतं. पुढचे दोन दात नसल्यामुळे ताईला आता ‘थ’ धड म्हणता येत नाही. त्यावर आम्ही हसतो. मी बँडेज गेलेल्या हाताच्या उरलेल्या बोटांपैकी एक जाळीतून आत घालते आणि तिच्या नाकाला लावते.

मग ती म्हणते, म्हण. मी म्हणते. ती डोळे मिटून ऐकते. बाकाखाली तिची टाच उचलली जाते, बोटं वर होतात. मी ‘टिन’पर्यंत येते आणि थांबते. शेवटचा शब्द म्हणत नाही. आम्ही दोघी वाट बघतो. मग हळूहळू, कुणी न सांगता, ती पाय आपणहून खाली ठेवते.